तिसरा मजला, डावीकडे

मिस लिलियस कूल्टर यांचे पत्र ११ जानेवारी १८८७ रोजी सकाळच्या टपालाने आले. दोन पाने होती. पहिल्या पानावर समुद्रकाठच्या रॉथसीची हवा, स्वतःचा खोकला आणि छपराच्या दुरुस्तीबद्दलची नापसंती. दुसऱ्या पानावर मजकूर असा होता: ‘मिलक्रॉफ्ट स्ट्रीटवरील माझ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर डावीकडे जे बिऱ्हाड आहे, ते येत्या मेनंतर तेथे नसावे अशी माझी इच्छा आहे. ऑक्टोबरात दातांच्या डॉक्टरांकडे आले असता मी घोडागाडी मुद्दाम त्या रस्त्याने घ्यायला लावली होती. त्या खिडकीची अवस्था मी स्वतः पाहिली. तिचे वर्णन करणे माझ्याने होणार नाही.’

क्विंटिन यूल यांनी पत्र वाचले, समासात लाल पेन्सिलीने ‘३ डा., काढणे’ असे लिहिले आणि ते मंगो पेटिग्रू यांच्या टेबलावर ठेवले.

यूल हे ग्लासगोतले फॅक्टर. इमारती दुसऱ्यांच्या, मालक बहुतेक शहराबाहेर समुद्राकाठी राहणारे. त्यांच्या वतीने भाडेकरू ठेवणे, काढणे, नळ गळला तर माणूस पाठवणे आणि या सगळ्याची खबर मालकांना पत्राने देणे, हे फॅक्टरचे काम. यूल यांच्या ताब्यात बावीस मालकांची चारशेवर बिऱ्हाडे होती. पेटिग्रू त्यांचे कारकून. वय बावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. मालकांना जाणारे प्रत्येक पत्र त्यांच्या हातचे असे.

मालकांच्या पत्रात भाडेकरूचे नाव घालायचे नाही, असा यूल यांचा नियम होता. नावाने ओळख होते आणि ओळख झाली की मालक मध्ये पडतात, असे ते म्हणत. त्यामुळे चारशे कुटुंबे पत्रांतून ‘२ उ.’, ‘१ डा.’ अशी राहत होती. डावे-उजवे ठरायचे ते जिना चढून वर आलेल्या माणसाचे. शहरातले सगळे फॅक्टर, पोस्टमन आणि कोळसेवाले असेच मोजत. त्यात कोणाला काही सांगावे लागत नसे.

३ डा. म्हणजे मॅरियन टॅनक. नवरा गॅविन गोदीत जहाजांचे सांधे बंद करण्याच्या कामावर, त्या ठोकाठोकीने एका कानाने बहिरा झालेला. मॅरियन घरी बसून एका वखारीसाठी शर्टांच्या कॉलर शिवत असे. सोबत तिचे वडील, रॉबर्ट ऊर्फ रॅब इम्री, जवळजवळ आंधळे. अकरा वर्षांत त्या घराबद्दल तक्रार नव्हती. खिडकीला पांढरे पडदे होते आणि ते नेहमी धुतलेले असत. पेटिग्रू यांना हे सगळे माहीत होते. पत्र त्यांना चमत्कारिक वाटले. त्यांनी ते तीन दिवस टेबलावर राहू दिले आणि चौथ्या दिवशी यादीत मॅरियन टॅनकच्या नावावर फुली मारली. यूल यांना त्यांनी काही विचारले नाही.

जानेवारीत फॅक्टरचा माणूस दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारतो: राहणार की जाणार? वर्ष २८ मेच्या दुपारी बाराला सुरू होते आणि पुढच्या २८ मेच्या दुपारी बाराला संपते. जाणाऱ्यांच्या खिडकीत १ फेब्रुवारीला ‘भाड्याने देणे’ची पाटी लागते. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत निम्मे शहर घरे बघत जिने चढते-उतरते, करारावर सह्या होतात आणि वर्षाचा प्रश्न मिटतो. ज्याचे त्या दिवसांत जमले नाही, त्याला नंतर चांगल्या जिन्यावर घर मिळत नाही.

पेटिग्रू २० तारखेला मिलक्रॉफ्ट स्ट्रीटला गेले. तिसऱ्या मजल्यावर उजवीकडचे दार आधीच उघडे होते. मिसेस स्पीअर्स बादली घेऊन उभी होती. आतल्या खोलीतून कबुतरांचा घुमण्याचा आवाज येत होता. तिच्या नवऱ्याने रस्त्याकडच्या खिडकीत लाकडी पेटी ठोकून कबुतरे पाळली होती.

“राहणार,” ती म्हणाली. “विचारू नका, दम खा. तीन मजले चढून आलाय.”

“कबुतरंपण राहणार का?”

“ती कुठं जातायत? माझ्या नवऱ्यापेक्षा बरी ती. संध्याकाळ झाली की न बोलावता घरी येतात.”

“कठडा जरा धूत जा, मिसेस स्पीअर्स.”

“मी धुते नि ती पुन्हा भरवतात. तुम्ही या एकदा सकाळी, त्यांना दोन शब्द सुनवा. तुमचं ऐकतील. तुमच्या अंगावर काळा कोट आहे.”

पेटिग्रू यांनी ‘३ उ., राहणार’ असे लिहिले आणि डावीकडचे दार वाजवले.

मॅरियनच्या हातात सुई होती. “राहणार,” तिनेही दारातूनच सांगितले. “दर वर्षी काय विचारता?”

“मिसेस टॅनक, मी जरा आत येऊ का?”

ती बाजूला झाली. शेगडीजवळ रॅब इम्री बसले होते. “कोण आलंय गं?”

“पेटिग्रू साहेब आहेत, बाबा. फॅक्टरकडचे.”

“मग उभं काय ठेवलंस? बसव त्यांना. आणि विचार, आमच्या मजल्यावरचा नळ थेंब थेंब गळतोय तो कधी दुरुस्त करणार. रात्रभर मोजतोय मी.”

“मिसेस टॅनक,” पेटिग्रू म्हणाले, “या वर्षी हे घर तुम्हाला देता येणार नाही. मालकीणबाईंची तशी इच्छा आहे.”

मॅरियनने सुई कॉलरीत टोचून ठेवली. “काय कारण?”

“खिडकीबद्दल काही लिहिलंय त्यांनी.”

“कोणाच्या खिडकीबद्दल?”

“तुमच्या.”

ती खिडकीपाशी गेली आणि पडदा बाजूला सारला. “या इकडे. बोट फिरवून बघा. काय लागतं ते मला दाखवा.”

पेटिग्रू जागचे हलले नाहीत.

“भाडं चुकलं का कधी? भांडण झालं का? गॅविन पिऊन जिन्यात पडला का?”

“नाही.”

“या घरात बाबा आपले आपण उठून नळापर्यंत जातात. अकरा वर्षांत हातांना सवय झालीय. नव्या ठिकाणी मला त्यांच्या मागे मागे फिरावं लागेल. मग कॉलर कोण शिवणार? सांगा तुमच्या मालकीणबाईंना.”

“मालकांच्या इच्छेपुढे आम्हाला बोलता येत नाही.”

“मग तुम्ही बोलता कशावर? नळावरपण बोलत नाही.”

म्हातारे हसले. आधीच्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते, नळाचे नाव तेवढे त्यांनी ऐकले.

२७ जानेवारीला मॅरियन दाखला मागायला ऑफिसात आली. दुसऱ्या फॅक्टरकडे घर मागायचे तर आधीच्या फॅक्टरचा दाखला लागतो. तो एका ओळीचा असतो आणि त्यात चार गोष्टी असतात: भाडेकरू नियमित, स्वच्छ, शांत, आणि स्वखुशीने घर सोडत आहे. चारही शब्द असले की पुढचा फॅक्टर दाखला नीट वाचतही नाही. एखादा शब्द नसला की मग वाचतो. वाईट असे त्यात कधीच काही लिहिलेले नसते.

यूल यांनी दाखला स्वतः सांगितला: ‘मिसेस टॅनक, अकरा वर्षे भाडेकरू. नियमित व शांत. मालकाच्या इच्छेनुसार घर सोडत आहेत.’

मॅरियनने काउंटरवरच वाचला. “यात ‘स्वच्छ’ नाही.”

“बाई, मालकीणबाईंचं पत्र माझ्याजवळ आहे,” यूल म्हणाले. ते आवाज चढवत नसत. “त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी सही करतो ती खरी असावी लागते.”

“तुम्ही तरी पाहिलंय का?”

“माझ्याकडे चारशे घरं आहेत.”

पुढच्या दोन आठवड्यांत ती अकरा फॅक्टरांकडे गेली. सहा जणांनी घर नुकतेच दिले गेल्याचे सांगितले. चौघांनी दाखला वाचून परत केला. अकराव्याचा कारकून पेटिग्रू यांच्या ओळखीचा होता, त्याने दाखला उजेडात धरून पाहिला आणि विचारले, “यूलसाहेबांची शाई संपली होती का?” मॅरियन म्हणाली, “शाई भरपूर होती. मीच कमी पडले.” हे त्या कारकुनाने नंतर जेवणाच्या सुट्टीत विनोद म्हणून पेटिग्रू यांना सांगितले.

टॅनक यांचे घर ३ फेब्रुवारीलाच एका नव्या लग्नाच्या फिटरला दिले गेले. करारावर सही झाली. मिसेस स्पीअर्सच्या नवऱ्यानेही आपल्या करारावर सही केली.

मिस कूल्टर यांचे दुसरे पत्र २२ फेब्रुवारीला आले. ‘तिसऱ्या मजल्यावरील डावीकडच्या बिऱ्हाडास सूचना दिल्याचे वाचून समाधान वाटले. मे महिन्यात ती माणसे गेली की कबुतरांची पेटी खिडकीवरून उतरवून घ्यावी व कठडा धुऊन रंगवावा. उजवीकडच्या बाईंच्या पांढऱ्या पडद्यांकडे पाहून मला बरे वाटले होते. त्यांना माझ्या खर्चाने नवी शेगडी बसवून द्यावी.’

पेटिग्रू यांनी हे पत्र दोनदा वाचले. दुपारी जेवायला न जाता ते मिलक्रॉफ्ट स्ट्रीटला गेले आणि समोरच्या फुटपाथवर, घोडागाडी जिथून गेली असेल तिथे उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावर कबुतरांची पेटी डावीकडे होती. पांढरे पडदे उजवीकडे होते. मग ते आत गेले. बोळ इमारतीच्या पोटातून मागे जातो, जिना मागच्या बाजूला आहे आणि प्रत्येक मजल्याच्या अर्ध्यावर उलटा वळतो. वर पोहोचलेल्या माणसाचे तोंड रस्त्याकडे असते. कबुतरे आता त्यांच्या उजव्या हाताला होती.

ते कोणाचे दार न वाजवता खाली उतरले.

“बसा,” यूल म्हणाले. पेटिग्रू बसले नाहीत. त्यांनी दोन्ही पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काय झाले ते सांगितले. यूल यांनी ऐकून घेतले. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

“गाडीतून,” ते म्हणाले. “बाई खाली उतरल्यासुद्धा नाहीत.”

“नाही.”

“सव्वीस वर्षांत एकाही मालकाने रस्त्यावरून डावं-उजवं मोजलेलं मला आठवत नाही.”

“बाकीचे मालक इमारत बघायला येतच नाहीत.”

यूल यांनी चष्मा काढून पुसला. “घर दिलंय?”

“तीन तारखेला.”

“आणि स्पीअर्सची सही झाली?”

“झाली.”

“म्हणजे फिटरचं घर काढून घेता येत नाही आणि स्पीअर्सला हलवता येत नाही. मग तुमचं म्हणणं काय आहे, पेटिग्रू?”

“दाखला बदलून द्यावा. ‘स्वच्छ’ घालावं. शेवटचं वाक्य काढावं.”

“अकरा ठिकाणी दाखवलेला दाखला? उद्या बाराव्या फॅक्टरने मला क्लबात विचारलं, अहो, तीन आठवड्यांपूर्वी ही बाई स्वच्छ नव्हती, आता झाली का? मी काय सांगू?”

“आपली चूक झाली म्हणून सांगावं.”

“कोणती चूक? डावा हात कोणता ते कळलं नाही, ही? चारशे घरांच्या फॅक्टरने?” यूल यांनी दोन्ही पत्रांची घडी केली. “मिस कूल्टरांच्या चुलत बहिणीच्या तीन इमारती आपल्याकडे आहेत. त्या दोघी रविवारी एकत्र जेवतात.”

“मग आपल्याच यादीतलं एखादं घर द्या. डोबी स्ट्रीटला तळमजल्यावर एक रिकामं आहे.”

“ते कॅप्टन ऑलिफंटांचं. ते आधीच्या फॅक्टरचा दाखला बघितल्याशिवाय कोणाला ठेवत नाहीत.”

“आधीचे फॅक्टर तुम्हीच आहात, साहेब.”

“म्हणूनच म्हणतो. दाखला त्यांनी पाहिला तर ते नको म्हणतील. नाही दाखवला तर मी त्यांना फसवलं.” यूल यांनी चष्मा घातला. “मला त्या बाईबद्दल वाईट वाटतं. हे लिहून घेऊ नका. आता मिस कूल्टरांना लिहा, पेटी उतरवायची सूचना देत आहोत. उजवीकडे शेगडी बसवत आहोत.”

“उजवीकडे कुठे?”

“आपण उजवी कशाला म्हणतो?”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिसेस स्पीअर्सच्या घरी नवी शेगडी बसली. पेटी उतरवण्याची सूचना मिळताच तिच्या नवऱ्याने ती रस्त्याकडच्या खिडकीवरून काढून मागच्या अंगणाकडच्या खिडकीला ठोकली. सूचनेचे पालन झाले.

६ मार्च हा रविवार. पेटिग्रू यांनी आपल्या भाड्याच्या खोलीत बसून स्वतःच्या कागदावर मिस कूल्टर यांना पत्र लिहिले. त्यांनी आयुष्यात मालकाला स्वतःच्या सहीने लिहिलेले हे पहिले पत्र. इमारतीचे समोरून चित्र काढले, शेजारी जिन्याचा नकाशा काढला, वळणाजवळ बाण दाखवला. पांढरे पडदे ज्यांचे आहेत त्याच बाईंना घर सोडावे लागत आहे, असे लिहिले. तिचे नाव लिहिले. आपण मालक म्हणून फॅक्टरला दोन ओळी लिहिल्यात तर दाखला दुरुस्त होऊ शकेल, बाकी काही मागणे नाही, असे शेवटी लिहिले.

उत्तर शनिवारी आले. पाकिटावर यूल यांचे नाव होते. आत पेटिग्रू यांचे पत्र चित्रासह घडी करून ठेवले होते.

‘आपल्या कारकुनाचे सोबतचे पत्र मला आले. त्यांचा हेतू चांगला असावा. परंतु इमारतीबाबत मला एकाच माणसाकडून पत्रे यावीत, असे आपले ठरले आहे. डावे कोणते नि उजवे कोणते हे पाहणे माझे काम नाही. त्यासाठी फॅक्टर असतो. घर नव्या माणसांना दिले गेले असल्यास त्यांच्यावर आता अन्याय करणे मला पटत नाही. सदर बाईंना माझ्या शुभेच्छा कळवाव्यात. कबुतरे गेली हे बरे झाले.’

यूल यांनी ते पेटिग्रू यांना वाचायला दिले. मग पेटिग्रू यांचे पत्र टेबलाच्या खणात ठेवून म्हणाले, “उत्तर लिहून घ्या.”

पेटिग्रू यांनी लिहून घेतले. ‘सदर कारकुनास योग्य ती समज देण्यात आली आहे,’ या ओळीपाशी यूल थांबले नाहीत, आणि पेटिग्रूही थांबले नाहीत. पत्र पूर्ण झाल्यावर त्यांनी ते ओलसर कागदांच्या वहीत घातले, दाबयंत्राचा स्क्रू पिळला आणि नक्कल नीट उमटली आहे का ते पाहिले. समज अशी वेगळी दिली गेली नाही.

सोमवारी ते पुन्हा तीन मजले चढले. मॅरियनने दार उघडले. तिने त्यांना आत बोलावले नाही.

“शुभेच्छा आणल्यात का?” पेटिग्रू यांचे बोलणे संपल्यावर तिने विचारले. त्यांनी तिच्यापासून काहीच लपवले नव्हते. गाडी, खिडकी, जिना, दोन्ही पत्रे, सगळे सांगितले होते.

“हो. त्यांनी कळवायला सांगितल्यात.”

“ठेवा तुमच्याजवळ. म्हणजे मी काही केलंच नव्हतं?”

“नाही.”

“महिनाभर मी घरातला कोपरा न् कोपरा बघितला. गॅविनला म्हटलं, तुझ्या कोटाचा डांबराचा वास येत असेल. पलंग उचलून खालची फरशी घासली.” समोरच्या दाराआड मिसेस स्पीअर्स कोणाशी तरी हसत होती. मॅरियनने आवाज खाली आणला. “तिला यातलं काही सांगू नका. तिची काही चूक नाही. मग आता तेवढंच लिहून द्या.”

“काय?”

“मी काही केलं नव्हतं, हे.”

“माझ्या सहीला कोणी विचारत नाही, मिसेस टॅनक. मी फॅक्टर नाही.”

“मग सांगायला कशाला आलात?”

पेटिग्रू जिन्याकडे वळले.

“नळ तेवढा बघा,” ती म्हणाली. “येणाऱ्या पोरीला त्रास नको.” आणि तिने दार लावले.

२८ मे शनिवारी आला. सकाळपासून रस्ते हातगाड्यांनी भरले होते. टॅनकांची गाडी साडेअकराला निघाली. दाखला न मागणारी घरे आठवड्याच्या भाड्याने मिळतात, ती बहुधा मागच्या अंगणातल्या जुन्या इमारतींत, एका मोठ्या घराचे चार तुकडे करून केलेली. तसले एक त्यांना मिळाले होते. अशा घरांच्या दारावर नगरपालिका पत्र्याची चकती ठोकते. तिच्यावर खोलीत हवा किती आणि माणसे किती राहू शकतात याचा आकडा असतो. टॅनकांच्या दारावर आकडा होता अडीच. आठ वर्षांखालचे मूल अर्धे धरतात. रॅब इम्री त्र्याहत्तर वर्षांचे होते.

पहिल्या पंधरवड्यात आरोग्य खात्याचा माणूस दोनदा येऊन माणसे मोजून गेला. दुसऱ्या खेपेला त्याने नाव लिहून घेतले आणि तिसऱ्या खेपेला कोर्ट, असे सांगितले. तो उद्धट नव्हता. म्हाताऱ्यासाठी गरीबखान्यात अर्ज कसा करायचा, ते त्यानेच समजावून दिले.

१४ जूनला मॅरियन ऑफिसात आली. सोबत पॅरिशच्या, म्हणजे शहरातल्या तिच्या विभागाच्या, गरीबखात्याचा छापील कागद होता. पॅरिशने म्हाताऱ्याचा भार घ्यायचा तर तो याच पॅरिशमध्ये किमान पाच वर्षे राहत होता, असे फॅक्टरने लिहून द्यावे लागते. काउंटरवर आणखी दोघे जण उभे होते. पेटिग्रू यांनी कागद घेऊन आत नेला.

यूल यांनी तो वाचला. “अच्छा, म्हातारा. घ्या लिहून.” आणि त्यांनी न अडखळता सांगितले: ‘रॉबर्ट इम्री हे आमच्या ताब्यातील मिलक्रॉफ्ट स्ट्रीट येथील इमारतीत मे १८७६ ते मे १८८७ अशी अकरा वर्षे मुलीच्या बिऱ्हाडात राहत होते. हे बिऱ्हाड सर्व काळ नियमित, स्वच्छ व शांत होते. त्याबद्दल कधीही तक्रार आलेली नाही.’

पेटिग्रू यांची लेखणी मध्येच थांबली.

“काय झालं?”

“‘स्वच्छ’ म्हणालात.”

“हो. होतंच ना?” यूल यांनी सहीसाठी हात पुढे केला. “पॅरिशला दोन शब्द जास्त गेले तर बरं असतं. म्हाताऱ्याला जरा बरी खोली देतील. हे मालकांकडे जात नाही, फॅक्टरांकडे जात नाही. द्या इकडे.”

पेटिग्रू यांनी बाहेर येऊन कागद काउंटरवर ठेवला. मॅरियनने तो वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

“हे सगळं लिहिता येतं तर,” ती म्हणाली.

पेटिग्रू यांनी काउंटरवरची वही बंद केली.

“मी हा दुसरीकडे दाखवू शकते का? घरासाठी?”

“तो पॅरिशच्या नावाचा आहे. घरासाठी चालत नाही. आणि आता फेब्रुवारीपर्यंत घरंही नाहीत.”

“फेब्रुवारीत चालेल?”

“तेव्हा तुम्ही आता जिथे आहात तिथला दाखला मागतील.”

“तिथे देत नाहीत.”

“हो, माहीत आहे मला.”

“गरीबखान्यातून हा परत मिळतो का?”

“नाही. त्यांच्या फायलीत राहतो.”

ती कागदाकडे बघत राहिली. मागे उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला. त्याच्या छपरातून पाणी येत होते आणि तो दुसऱ्यांदा आला होता.

“उद्या दुपारी बाराच्या आत बाबांना घेऊन यायला सांगितलंय,” ती म्हणाली.

“त्यांना सांगितलंत?”

“आता जाऊन सांगते.” तिने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि मागच्या माणसाला पुढे जायला जागा करून दिली.